हिनं बी

“हात लावू नगंस आई, अजून ओलं हाय ते.”

बाळाबाईंनी हात मागे घेतला. विश्वजितनं पुढच्या खोलीत जुने पेपर अंथरून त्यावर माशांच्या टाकीच्या काचा उभ्या चिकटवल्या होत्या आणि आता कोपऱ्यांतल्या सिलिकॉनवरून ओलं बोट फिरवत होता. लोणचं नासल्यासारखा आंबट वास घरभर सुटला होता.

“पाणी न्हाई ऱ्हायाचं ह्यात,” त्या म्हणाल्या.

“ऱ्हातंय.”

“आणि फुटलं म्हंजे?”

“फुटलं म्हंजे तू बी शिक पोवायला.”

एवढं बोलून विश्वजित स्वतःच हसला, आणि बाळाबाई चहाचा कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पोरगं हसलं होतं. किती दिवसांनी, ते त्यांनी मनातसुद्धा मोजलं नाही. मोजायला गेलं की मागचं सगळं वर येत होतं.

मागचं म्हणजे काय, ते मंगळवार पेठेतल्या त्या बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. विश्वजित उद्यमनगरात लेथवर टर्नर. बायको पूर्णिमा नेसरीची, एका मेडिकल दुकानात काउंटरला. पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं जिवंत जन्मलं, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, आणि बारशाचा दिवस उजाडायच्या आत गेलं.

बाळाबाईंची उभी हयात एका प्रसूतिगृहात आया म्हणून गेली होती. जन्मलेलं पोर उलटं धरायचं, करंगळीनं तोंडातला चिकटा काढायचा, पाठीवर थापटी मारून रडवायचं, हे त्यांच्या हातांना डोळे मिटूनही येत होतं. अर्ध्या पेठेतली पोरं पहिल्यांदा त्यांच्याच हातात रडली होती. स्वतःच्या नातवंडांच्या वेळी मात्र त्या हातांना काही करता आलं नाही, आणि याचा त्यांना इतका राग होता की तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं.

तो त्यांनी पूर्णिमावर काढला नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. दुसरं मूल गेल्यावर त्यांनी सुनेचं अख्खं बाळंतपण केलं. डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडी केली, तेल लावून अंग चोळलं, कंबर बांधली. शेजारची एकजण दारात उभी राहून म्हणाली, “पोर न्हाई आणि बाळंतपण कसलं ओ?” बाळाबाईंनी तिला आत बोलावलं आणि तिच्या तोंडावर सांगितलं, “पोर गेलं म्हणून बाई मोकळी होती व्हय? तिचं हाड बघा जावा आधी, मग बोलाय या.” ती बाई परत फिरकली नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी नाना तऱ्हेच्या सासवा ऐकल्या होत्या. ‘पयलं खाल्लं, दुसरं बी खाल्लं, अवदसा आणली घरात.’ अशी कुणी सासू बोलताना सापडली की बाळाबाई फरशी पुसायचं ओलं फडकं घेऊन अंगावर जायच्या. “उठा हितनं! पोरं खायला ती काय लांडगी हाय व्हय?” डॉक्टरीणबाई आतून ओरडायच्या, “बाळाबाई, पेशंटचे नातेवाईक आहेत ते.” त्या काही ऐकायच्या नाहीत.

घरात त्यांनी एक नियमच करून टाकला होता. कुणी सांगितला नाही, कुणी विचारला नाही, पण तिघंही पाळत होती. बाळ, पाळणा, बारसं, डोहाळे, असले शब्द उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. टीव्हीवर दुपट्यातलं पोर दिसलं की जो कुणी जवळ असेल तो चॅनल बदलायचा. बाळाबाईंनी नात्यातल्या बारशांना जाणं सोडलं. स्वतःच्या नावातलं बाळ तेवढं त्यांना काढून टाकता येत नव्हतं.

अशा त्या घरात टाकी उभी राहिली. अँगलचा स्टँड विश्वजितनं कारखान्यातूनच वेल्डिंग करून आणला, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. तळाला साध्या वाळूऐवजी चुनखडीचा चुरा, कारण हे मासे आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले, त्यांना जड पाणी लागतं. काळे दगड एकमेकांवर रचून कपारी केल्या, फुटक्या कुंड्या उपड्या घातल्या. नळाचं पाणी पिंपात उघडं ठेवून त्यातल्या औषधाचा वास उडू दिला आणि मग ते भरलं. कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर बुडबुडे सोडायला लागला. एवढं सगळं झालं, आणि मासेच नाहीत.

“नुसतं पाणी बघायला केलंईस व्हय हे?” बाळाबाईंनी विचारलं.

“मुरू दे की पाणी. कोऱ्या पाण्यात सोडलं की मरत्यात मासं. दुसऱ्याच्या जुन्या टाकीतला स्पंज आणून ह्यात पिळायचा. मग पाणी धरतंय.”

“विरजण लावायचं म्हण की सरळ.”

“व्हय, विरजाणच.”

हे त्यांना पटलं. रोज सकाळी चहा घेऊन त्या टाकीपुढे बसायच्या आणि पाणी लागलं का बघायच्या. पूर्णिमा मात्र तिकडं ढुंकून बघत नव्हती. दुकानातून यायची, चप्पल काढायची, टाकीला वळसा घालून आत जायची.

मासे घेऊन हंबीरराव आला. हा हातकणंगल्याचा. घरच्या पोल्ट्रीच्या शेडात कोंबड्या काढून त्यानं टाक्या मांडल्या होत्या, आणि विश्वजितला हा नाद त्यानंच लावला होता. आवाज असा की बोळाच्या तोंडाशी बोलला तरी न्हाणीतल्या माणसाला ऐकू जावा. हवा भरलेल्या पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून तो ऐसपैस बसला.

“लगेच सोडायचं न्हाई हां मावशी. पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी आधी एकसारखं होऊ द्या. ही सिक्लिड. साधा मासा न्हवं. एक दादला आणि तीन बायका, पाटलाचं खानदान! आणि ह्यांच्यात पोरं कशी हुत्यात म्हाईत हाय काय? मादी अंडी घालती आणि—”

विश्वजितनं त्याचा दंड धरला. “चल, गाडीवरचं खोकं उतरू.”

“खोकं कुठलं?”

“तू चल तर.”

बाळाबाईंना खिडकीतून दिसलं. बोळात विश्वजित खाली बघून काहीतरी सांगत होता आणि हंबीरराव कपाळावर हात मारून घेत होता. आत आल्यावर त्यानं आवाज उतरवला, चहा घेतला, अंबाबाईच्या देवळातल्या गर्दीबद्दल बोलला आणि गेला. मादी अंडी घालते आणि पुढं काय करते, ते बाळाबाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. नियमच होता तसा.

मासे टाकीत चांगले हिंडू लागले. पिवळट अंगावर तपकिरी डाग, म्हणून बाळाबाई त्यातल्या थोरल्या मादीला ‘बिबटी’ म्हणायच्या. आणि एके दिवशी पूर्णिमा टाकीपुढं थांबली. दुसऱ्या दिवशी जरा जास्त थांबली. मग ती दुकानातून आल्यावर चप्पल काढायच्या आधीच टाकीपाशी जाऊ लागली, मोबाइलवर या माशांचे व्हिडिओ बघू लागली, विश्वजितशी फिल्टरवरून वाद घालू लागली. जेवताना बोलू लागली. बाळाबाई हे बघत होत्या. त्यांना दुसरं काही नको होतं. नातू नको, नात नको, ही पोरगी अशीच बोलत राहू दे, एवढंच त्या देवापुढं म्हणायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी कुणाला एवढा जीव लावला नव्हता.

एका संध्याकाळी पूर्णिमानं नवऱ्याला हळूच हाक मारली. “अहो, हिकडं बघा. बिबटीचा गळा फुगलाय.”

दोघं बराच वेळ काचेला नाक लावून बसले. मग विश्वजितनं एक लहान टाकी काढली, स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर मांडली, मोठ्या टाकीतलंच पाणी तिच्यात भरलं आणि जाळीनं अलगद धरून बिबटीला एकटीला तिच्यात सोडलं.

“आजारी हाय व्हय गं?” बाळाबाईंनी विचारलं.

“न्हाई. उपास हाय तिचा,” विश्वजित म्हणाला.

“माशाला कसला उपास?”

“सोळा सोमवार,” पूर्णिमा म्हणाली आणि खळखळून हसली. बाळाबाईही हसल्या. कशाला हसलो ते त्यांना कळलं नाही, पण पोरगी हसली म्हणून हसल्या.

त्याच वेळी त्यांना सांगायला हवं होतं. आई, हिच्या तोंडात अंडी आहेत, ही जात अंडी तोंडात धरते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत काही खात नाही, आणि सोडल्यावरसुद्धा भ्याली की त्यांना परत तोंडात घेते. चार वाक्यांचं काम. पण त्यात पिल्लं आली असती, आणि तो शब्द घरात पहिल्यांदा कुणी काढायचा? विश्वजितला वाटलं पूर्णिमा सांगेल. पूर्णिमाला वाटलं होईल तेव्हा आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, दाखवूच. माणसं एकमेकांना इतकी जपायला लागली की अशी चूक होते.

बिबटी खरंच काही खात नव्हती. बाळाबाई येता-जाता तिच्याशी बोलायच्या. “खा की गं दोन दाणं. सोमवार कवाच झाला.” ती तोंड मिटून एका जागी हलत राहायची. पोट खपाटीला गेलं होतं.

मग ती दुपार आली. विश्वजित कारखान्यात, पूर्णिमा दुकानात. बाळाबाई भांडी लावून पाणी प्यायला उठल्या आणि स्टुलापाशी थबकल्या. बिबटीच्या तोंडापुढं धुरासारखं काहीतरी हलत होतं. त्यांनी चष्मा लावला. पिल्लं होती. मोहरीएवढ्या डोळ्यांची, शेपट्या हलवणारी पिल्लं, पंचवीस-तीस तरी असतील, आणि मधे ती वाळलेली आई.

बाळाबाईंनी तोंडावर पदर धरला. या घरात काहीतरी जन्मलं होतं. मेलं नव्हतं, हलत होतं, पोहत होतं. त्यांचे डोळे वाहू लागले. पूर्णिमाला फोन करावा म्हणून त्या वळल्या, आणि मग त्यांना वाटलं, आधी दृष्ट काढू. या घराला नजर फार लागते. आधी दृष्ट, मग फोन.

त्यांनी मुठीत मीठ-मोहरी घेतली, टाकीपुढं उभ्या राहिल्या आणि मूठ काचेभोवती ओवाळू लागल्या. आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, शेजारणीची, दवाखान्याची, कुणाकुणाची नजर त्यांनी त्या मुठीत घातली. पाण्यावरून मोठी काळी सावली फिरली. बिबटी दचकली. तिनं तोंड उघडलं आणि पिल्लं आत घेऊ लागली. दोन, चार, झुंडीनं. ती पिल्लंही तिच्या तोंडात धावत सुटली. बघता बघता पाणी रिकामं झालं.

बाळाबाईंची मूठ सुटली. मीठ-मोहरी फरशीवर सांडली. पुढं जे केलं ते त्यांच्या डोक्यानं नव्हे, हातांनी केलं. टाकीत हात घालून त्यांनी बिबटीला पकडलं, उलटी धरली, दुसऱ्या हातानं पातेल्यात टाकीतलं पाणी घेतलं आणि करंगळीनं तिचा जबडा उघडून तोंड पातेल्यावर झटकायला लागल्या. एकेक पिल्लू पाण्यात पडत होतं. त्या रडत होत्या, शिव्या देत होत्या. “सोड, रांडं, सोड! ऱ्हाऊ दे की एवढी तरी!”

दार वाजलं. पूर्णिमा दुपारच्या जेवणाला घरी आली होती. बाळाबाईंनी मागं वळूनही बघितलं नाही.

“पूर्णिमा, ये, लवकर ये! बघ की गं! हिनं बी खाल्ली! हिनं बी खाल्ली की गं पोरं!”

पातेल्यात आणखी एक पिल्लू पडलं.

‘बी’ म्हणजे काय? कोल्हापुरात ते दिवसातून शंभर वेळा तोंडातून जातं. मीठ बी आण, त्याला बी बोलीव, तू बी ये. कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. पण ‘हिनं बी’ म्हटलं की आधीची कुणीतरी असावी लागते, आणि त्या घरात आधीची एकच होती.

बाळाबाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी मान वळवली. पूर्णिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. खांद्यावरची पर्स तिनं सावकाश खुंटीला अडकवली. पुढं येऊन सासूच्या मुठीतून बिबटी काढून घेतली आणि पाण्यात सोडली.

“खात न्हाई ती, आत्ती,” ती म्हणाली. “भ्याली की तोंडात घेती. जपायला.”

एवढंच. मग तिनं पातेल्यातली पिल्लं वाटीनं टाकीत सोडली, सांडलेली मीठ-मोहरी झाडून काढली, ताट घेतलं आणि जेवली. बाळाबाईंना वाटलं, ऐकलं नसावं. मग त्यांनी तिच्या ताटाकडे बघितलं. भाकरीचा एक तुकडा ती कधीपासून कालवणात नुसता फिरवत होती.

बिबटी संध्याकाळी मेली. उपाशी अंगाला हाताची पकड सोसली नाही, जबडाही फाटला होता. विश्वजित घरी आल्यावर रागावला नाही. “जाऊ दे, आई. तुला म्हाईत नव्हतं.” पिल्लं मात्र सगळी जगली.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा विश्वजितचा डबा भरत असताना बाळाबाई तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. “काल म्या बोललो ते माशाचं बोललो हां, पूर्णिमा.”

“व्हय. माशाचंच की.”

“बी म्हंजे आपलं... बोलायची सवय असती माणसाला.”

“व्हय, आत्ती.”

बोलायलाच नको होतं. आदल्या दिवशी तो शब्द निदान न ऐकल्यासारखा करता येत होता. आता दोघींनी मिळून तो ओट्यावर आणून ठेवला. बूँद से गई वो हौद से नहीं आती म्हणतात. बाळाबाई तर हौदावर हौद ओतत सुटल्या. तिच्या आवडीची वांगी केली. तिच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवला. पूर्णिमा सगळ्याला ‘व्हय आत्ती’ म्हणत होती, सगळी कामं करत होती, आवाज चढवत नव्हती. फक्त रविवारी डोक्याला तेल लावून घ्यायला ती पूर्वीसारखी त्यांच्या गुडघ्यांत येऊन बसली नाही. “मीच लावलो, आत्ती,” म्हणाली.

महिना उलटायच्या आत ती म्हणाली, “दोन दिवस नेसरीला जाऊन येतो.” बाळाबाईंनी पिशवीत चिवडा घालून दिला. दोन दिवसांचे आठ दिवस झाले. मेडिकलवाल्यानं रस्त्यात विश्वजितला सांगितलं की तिनं काम कधीच सोडलंय.

विश्वजित नेसरीला गेला आणि एकटाच परत आला. मोठ्या टाकीपुढं बसून बूट काढत राहिला.

“काय म्हणाली?”

“काय न्हाई. जेवायला वाढलं.”

“भांडली?”

“भांडली असती तर घेऊनच आलो असतो की, आई.” त्यानं मान वर केली. “तू काय बोललीस काय तिला?”

बाळाबाई खाली बसल्या. काय बोलल्या ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. लपवलं नाही, सारवासारव केली नाही.

विश्वजितनं बूट भिंतीकडेला सारले. मग म्हणाला, “तुला तसं वाटतंय?”

“न्हाई रं! अंबाबाईची आण!”

“मग आलं कुठनं ते?”

शपथ खोटी नव्हती, हे मी सांगतो. पण उभी हयात ज्या व्हरांड्यात फरशी पुसली, तिथलं सगळंच काही फडक्यानं निघून जात नाही. थोडं अंगाला लागतंच. त्यांनी ज्या सासवांना हाकललं, त्यांतली एक तोंड दाबून आत बसली होती आणि ऐन घाईच्या वेळी बोलून गेली. बाळाबाई त्या दिवसापासून कमी बोलू लागल्या. दूधवाल्याशी बोलतानाही शब्द तोंडात फिरवून बघून मग बाहेर काढायच्या.

विश्वजितचं टाकीवरचं मन उडालं. पिल्लांना बाळाबाईच बघत होत्या. दाणे चिमटीत चुरून घालायच्या, घाण पाणी नळीनं ओढून काढायच्या, पिंपातलं मुरलेलं पाणी घालायच्या. पिल्लं करंगळीच्या नखाएवढी झाली, त्यांच्या अंगावर डाग उमटू लागले. मे महिन्यात एका सकाळी त्यांनी त्यातली पाच-सहा हवा भरलेल्या पिशवीत घातली, पिशवी स्टीलच्या डब्यात ठेवली आणि विश्वजितला न सांगता गडहिंग्लजची एसटी धरली.

कंडक्टरनं डब्यात डोकावून बघितलं. “मावशी, कालवणाला लईच बारकं मासं घेतलासा की.”

“कालवणाला न्हाईत. सुनंला दावायला हायत.”

“सून कुठं असती?”

“नेसरीला,” असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. सुनेचं गाव नेसरी असं आजवर त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. सुनेचं माहेर नेसरी.

गडहिंग्लजला गाडी बदलून त्या पोचल्या तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पूर्णिमाची आई दारातच भेटली. “या, या,” म्हणाली आणि वाट देऊन बाजूला सरकली. बाळाबाई बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून खालीच बसल्या. दरवेळी त्या तिथंच बसत.

पूर्णिमा घरामागच्या परड्यातून आली. हात ओले होते, पदर खोचलेला. चेहरा भरला होता, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. ती चांगली दिसत होती. वाईट दिसली असती तर बाळाबाईंना घरी चल म्हणायला तोंड तरी राहिलं असतं.

त्यांनी डबा पुढं केला. “बघ. सगळी जगली. एक बी मेलं न्हाई.” शब्द गेला आणि त्यांनी जीभ चावली.

पूर्णिमानं पिशवी उचलून उजेडात धरली. थोडा वेळ बघत राहिली. मग पिशवी न सोडता तशीच बादलीतल्या गार पाण्यात तरंगत ठेवली.

“चल घरला,” बाळाबाई म्हणाल्या. “म्या चुकलो. तुझ्या पायाला हात लावतो.”

“असं करू नगासा.” ती मागं सरकली. मग समोर उकिडवी बसली. “तुम्ही माझं लई केलासा, आत्ती. आईनं केलं नसतं एवढं केलासा.”

“मग?”

“म्हणून तर. दुसरी कोण तसं बोलली असती तर म्या भांडलो असतो. तिचं तोंड फोडलो असतो. पर तुम्ही बोललासा.” तिनं ओले हात पदराला पुसले. “तुमच्या तोंडातनं आलं म्हंजे खरंच असंल असं वाटतंय मला. माझ्यातच कायतरी असंल. कोल्हापुरात रोज तुमच्या म्होरं बसून घास गिळायचा कसा, सांगा.”

बाळाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. सांगण्यासारखं खूप होतं, वाटेत एसटीत सगळं जुळवून ठेवलं होतं. पण आता एकेक शब्द त्यांना नीट बघून घ्यावासा वाटला, आणि एकही पुढं धजेना. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

“जाताना पिशवी घेऊन जावा,” पूर्णिमा उठत म्हणाली. “हितलं पाणी कोरं, मुरलेलं न्हाई. नीट करायला हितं कोण न्हाई. न्हाई जगायची.”

आतून तिच्या भावजयीनं हाक दिली, “वन्सं, कोण आलंय ओ भाईर?”

पूर्णिमा चौकटीपाशी थांबली. क्षणभर तिनं बाळाबाईंकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता.

“कोल्हापूरचं पावणं आल्यात,” ती म्हणाली. “च्या टाका. आणि खुर्ची द्या भाईर.”

भावजयीनं प्लास्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि सोप्यात मांडली. बाळाबाईंनी भिंतीचा आधार घेतला, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.